आश्लेषा कोरडी गेली तर



रोहिणी नक्षत्र लागलंय. नांगरट-वखरणी उरकली, बियाण्याच्या पिशव्या घरात येऊन पडल्या आणि पारावर एकच विषय आहे, यंदा पाऊसपाणी कसं? अशा वेळी कुणी दुष्काळाचं नाव काढलं की मंडळी म्हणतात, साहेब, तोंडातून काहीतरी शुभ काढा. खरंय. पण दुष्काळात करायची निम्मी कामं पाऊस पडण्याआधीच करावी लागतात. म्हणून आज हाच विषय घेतलाय.

२०२३ साल आठवा. जूनमध्ये पावसानं वाट पाहायला लावली, जुलैत पेरण्या झाल्या, पिकं तरारली आणि ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली ती पोळ्याच्या तोंडापर्यंत. देशभराच्या पावसाची नोंद १९०१ पासून आहे. त्यात इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. सोयाबीनच्या शेंगा भरायचे दिवस नेमके तेच होते. राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तो ३१ ऑक्टोबरला. पुढे १० नोव्हेंबरला आणखी १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. तोवर सोयाबीनची मळणी होऊन गेली होती आणि ज्याला जे काही पोतं-दोन पोती झालं, ते विकूनही झालं होतं.

म्हणजे शेतातला दुष्काळ ऑगस्टात आणि कागदावरचा दुष्काळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात. या दोघांत दोन-अडीच महिन्यांचं अंतर पडतं, आणि ते दरवेळी पडणार आहे. माझं आजचं सांगणं या अंतराबद्दल आहे. कागदावरच्या दुष्काळाची वाट पाहत बसलेला शेतकरी हंगाम तर घालवतोच, पुढचा रब्बीही घालवून बसतो.

आता हा उशीर का होतो ते समजून घेऊ, कारण त्यावरून राग फार असतो आणि तो थोडा चुकीच्या जागी असतो. पूर्वी सगळी भिस्त पैसेवारीवर असायची. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की टंचाई. पैसेवारी आजही काढतात : सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि अंतिम यायची म्हणजे डिसेंबर उजाडतो. केंद्र सरकारनं २०१६ साली दुष्काळ व्यवस्थापन संहिता आणली आणि वर्षभरानं राज्यानं ती स्वीकारली. या संहितेत पहिली कसोटी पावसाची. सरासरीच्या मानानं तूट किती, आणि सलग तीन-चार आठवडे निम्म्याहून कमी पाऊस झालाय का, हे बघतात. त्यात तालुका बसला की दुसरी फेरी. तिच्यात पेरणी किती झाली, उपग्रहाला पीक कसं दिसतंय, जमिनीत ओल किती, धरणं-विहिरी-ओढे यांत पाणी किती, अशा चार बाजूंनी तपासणी होते. तिथंही खोट दिसली तर तालुक्यातली दहा टक्के गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, तिथं महसूल आणि कृषी खात्याची माणसं प्रत्यक्ष बांधावर जाणार आणि पिकाचं नुकसान किमान ३३ टक्के आहे की नाही ते पाहणार.

एवढं सगळं व्हायला ऑक्टोबर लागणारच. हे मोजमाप सवलती कुणाला द्यायच्या ते ठरवण्यासाठी आहे. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषांत सैलपणा, टँकर. हा पैशाचा मामला आहे, तिथं पुरावा लागतो. तुम्हाला कोळपं घालायचं की नाही, हे सांगायला ती यंत्रणा बांधलेलीच नाही. तिच्याकडून ती अपेक्षा ठेवू नका आणि मिळणाऱ्या सवलती मात्र सोडू नका.

उपग्रहाचं म्हणाल तर ते काम चांगलं चालतं. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. पान सुकायला लागलं की हे प्रमाण बदलतं. उपग्रह तेवढं टिपतो आणि मागच्या वर्षांशी ताडून पाहतो. आपल्याकडे नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि दिल्लीचं महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र हे काम करतात. पण वरून पाहणाऱ्याला हिरवं म्हणजे हिरवंच. त्यात तण किती आणि पीक किती, हे त्याला धड सांगता येत नाही. ऑगस्टात शेंगा पोचट राहिल्या आणि सप्टेंबरात दोन सरी येऊन पानं पुन्हा टवटवीत झाली, तर चित्रात शेत छान दिसतं. शेंग दाबून पाहायला माणूसच लागतो. बांधावर जाण्याची तिसरी कसोटी संहितेत ठेवलीय ती शहाणपणाचीच आहे.

पावसाची मोजणी पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलीय. एकेकाळी तालुक्याला एक पर्जन्यमापक, तोही तहसील कचेरीच्या आवारात. आता महावेध प्रकल्पात महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, राज्यात दोन हजारांवर. तरीही एका मंडळात पंधरा-वीस गावं असतात आणि आपला पाऊस कसा, तर बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं. मंडळाच्या केंद्रावर ४० मिलिमीटर पडला म्हणून तुमच्या वावरात पडला असं होत नाही.

म्हणून पहिलं काम. घरात एखादा सरळ काठांचा डबा असेल, रंगाचा, तेलाचा, कसलाही. वरून खालपर्यंत रुंदी सारखी हवी, बाकी तो केवढा आहे याला महत्त्व नाही. तो उघड्यावर ठेवा. जवळ झाड किंवा भिंत असेल तर तिच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब. वाऱ्यानं लवंडू नये म्हणून भोवती चार दगड लावा. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याची वेळही तीच आहे, आत पोराची शाळेतली पट्टी उभी धरायची, जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस. पट्टीवर शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते, तेवढी मोजताना धरायची. लिहायचं आणि डबा ओतून टाकायचा. घरातली आठवीतली मुलगी हे काम आपल्यापेक्षा चोख करते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर साधारण चार हजार लिटर पाणी, एवढं ध्यानात ठेवलं की त्या वहीतले आकडे बोलायला लागतात. आणि अडीच मिलिमीटरच्या आतला दिवस हवामानशास्त्र पावसाचा दिवस धरत नाही. नुसता चिखल झाला म्हणून पाऊस झाला असं आपणही धरू नये.

आपले वाडवडील नक्षत्रांवर हिशेब ठेवायचे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. एक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचं. पावसाचा खंड मोजायला हे माप वाईट नाही. आश्लेषा कोरडी गेली, असं म्हातारी माणसं म्हणतात तेव्हा ती पंधरवड्याचा खंड नोंदवत असतात. नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की गाढव, यावर मात्र पेरणी ठरवू नका.

दुसरं, ओल. इथं जरा थांबून सांगतो, कारण माझ्या मते अख्ख्या विषयाची मेख इथं आहे. गावात शंभर जणांच्या शेतावर एकच पाऊस पडतो, पण खंड प्रत्येकाला वेगळा लागतो. जमीन हे पाण्याचं भांडं आहे. माळाची मुरमाड जमीन म्हणजे तांब्या, नदीकाठची खोल काळी म्हणजे रांजण. तांब्यात ओतून ओतून किती ओतणार? फूटभर खोलीच्या हलक्या जमिनीत पिकाला उपसता येईल असं पाणी फार तर ४० ते ५० मिलिमीटर मावतं. मीटरभर खोल काळ्या जमिनीत दीडशे ते दोनशे. शेंगा भरताना सोयाबीन दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी पितं. भागाकार तुम्हीच करा. हलक्या रानातलं पीक दहाव्या दिवशी माना टाकतं, भारी रानातलं महिनाभर तग धरतं. म्हणून जिल्ह्याच्या हवामान पत्रिकेत पंधरा दिवसांचा खंड लिहिलेला असतो तेव्हा तो कुणासाठी फक्त काळजी असतो आणि कुणासाठी हंगामाचा शेवट.

आपलं भांडं केवढं हे पाहायला प्रयोगशाळा नको. आत्ता, पेरणीआधी, प्रत्येक तुकड्यात दोन-तीन ठिकाणी खड्डा घ्या आणि मुरूम कुठं लागतो ते पाहा. पुढे पाऊस थांबला की आठव्या दिवशी कुदळीनं वीतभर खालची माती काढा आणि मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोटांना गारवा लागला तर पीक अजून सुखात आहे. लाडू वळतो पण टिचकीनं फुटतो, तर आठवडाभरात काहीतरी करायला हवं. वळतच नाही, भुगा होतो, तर उशीर झालाय. वरची दोन बोटं माती पाहून ठरवू नका. ती उन्हानं चार दिवसांत वाळतेच.

तिसरं, विहीर. सुंभाच्या दोराला हातहातावर गाठी मारा, टोकाला दगड बांधा आणि महिन्यातून एकदा, एकाच तारखेला, मोटार रात्रभर बंद ठेवून सकाळी पाण्यापर्यंत किती गाठी जातात ते लिहा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा राज्यभर निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडते. आपणही तेच करायचं. ऑक्टोबरची नोंद सगळ्यात मोलाची. त्या दिवशी विहिरीत काय आहे त्यावर ओलिताचा रब्बी ठरतो, दिवाळीनंतरच्या उत्साहावर ठरवायचा नसतो.

आता अंदाजांचं. एल निनो आला की गावोगाव घबराट पसरते. प्रशांत महासागराचं पाणी तापलं की आपला मोसमी पाऊस बहुतेक वेळा बिघडतो, हे खरं. १९७२, २००२, २००९, २०१५ ही सगळी त्याच रांगेतली वर्षं. २००९ मध्ये देशात सरासरीच्या ७८ टक्केच पाऊस झाला. पण १९९७ साली एल निनो भलताच बलवान होता आणि देशाचा पाऊस सरासरीच्या किंचित वरच राहिला. तेव्हा एल निनोच्या बातमीवर पेरणीच रद्द करायची नाही, जोखीम कमी करायची. पीक एकच असेल तर दोन करा, कर्जाचा आकडा आखडता घ्या, चारा जास्त धरा. त्याहून उपयोगी अंदाज म्हणजे हवामान खात्याचा दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा अंदाज आणि मंगळवारी-शुक्रवारी निघणारी जिल्ह्याची कृषी हवामान पत्रिका. मेघदूत ॲपवर ती मराठीत मिळते. गल्लीतल्या व्हॉट्सॲपवर फिरणारे अंदाज करमणुकीपुरते ठेवा.

पेरणीला येऊ. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून वीतभर ओल झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. दरवर्षी सांगतो, दरवर्षी पहिल्या सरीवर पेरण्या होतात. शेजाऱ्यानं पेरलं की राहवत नाही, हे मला कळतं. पण दुबार पेरणीचं बियाणं शेजारी देत नाही. सोयाबीनचं घरचं बियाणं असेल तर आजच शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तर उगवले तर बियाणं चांगलं. थोडं बियाणं मागं राखून ठेवता आलं तर सोन्याहून पिवळं.

हलक्या रानात निव्वळ सोयाबीन घेणं हा माझ्या मते आजच्या कोरडवाहू शेतीतला सगळ्यात मोठा जुगार आहे. तिथं बाजरी आणि तूर दोनास एक, मध्यम जमिनीत सोयाबीन आणि तूर चारास दोन अशा ओळी धरा. सोयाबीन गेलं तरी तुरीचं मूळ खोल जातं आणि परतीच्या पावसावर ती उभी राहते. रुंद वरंबा सरी यंत्रानं पेरलं तर कमी पावसात सरीत पाणी मुरतं आणि जास्त पावसात तीच सरी निचरा करते. परभणी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांच्या भागात हे यंत्र आता पुष्कळांनी पाहिलंय, भाड्यानंही मिळतं.

आणि पाऊसच लांबला तर? जुलैचा पहिला आठवडा उलटला की मूग-उडदाचा नाद सोडा. पंधरा जुलैनंतर कपाशी आणि भुईमूगही नको. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात संकरित बाजरी, तूर, सूर्यफूल, हुलगा, राळा. ऑगस्टमध्ये एरंडी, सूर्यफूल, हुलगा. हुलगा-राळ्याचं नाव काढलं की तरुण मंडळी हसतात, पण जमीन मोकळी पडण्यापेक्षा त्यांनी घरात डाळ आणि गोठ्यात भुसकट येतं. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं कृषी विद्यापीठांना सोबत घेऊन जिल्हावार आपत्कालीन पीक आराखडे तयार केलेत. पाऊस दोन आठवडे लांबला तर काय, चार आठवडे लांबला तर काय, मधेच खंड पडला तर काय, जमिनीच्या प्रकारानुसार सगळं त्यात आहे. तुमच्या कृषी सहायकाकडे आपल्या जिल्ह्याचा आराखडा मागा. अडचण एकच, त्यातलं बियाणं आयत्या वेळी बाजारात नसतं. म्हणून गावातल्या गटानं पोतंभर बाजरी आणि पोतंभर हुलगा आत्ताच धरून ठेवावा.

पीक उभं आहे आणि खंड पडलाय, अशा वेळी पहिलं हत्यार कोळपं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे जुनं बोलणं अगदी शास्त्रशुद्ध आहे. भेगा बुजल्या की खालची वाफ वर येत नाही आणि तण निघालं की पाण्याचा वाटेकरी जातो. दुसरं, पोटॅशियम नायट्रेटची एक टक्क्याची फवारणी, दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. तिसरं, असेल त्या काडीकचऱ्याचं दोन ओळींत आच्छादन. आणि युरियाची गोणी मात्र अशा वेळी उघडू नका. कोरड्या जमिनीत तो पैसा वाया जातो.

शेततळ्याबद्दल थोडं परखड बोलतो. ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल तळं काठोकाठ भरलं तर त्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. एका एकराला पाच सेंटिमीटरचं एक पाणी द्यायला दोन लाख लिटर लागतं. म्हणजे ऑगस्टच्या खंडात आठ-दहा एकरांना एकेक संरक्षित पाणी देता येतं, आणि फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना दिलेलं हे एकच पाणी पीक हाती लावतं. शेततळं त्यासाठी आहे. पण आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी काय होतं, तळ्याला प्लास्टिक अंथरायचं, बोअर आणि विहिरीचं पाणी उपसून त्यात भरायचं आणि उन्हाळ्यासाठी राखायचं. जमिनीखाली सावलीत असलेलं, सगळ्या गावाचं पाणी आपण वर काढून उन्हात ठेवतो. मे महिन्यात एवढ्या तळ्यातून दिवसाला सात ते नऊ हजार लिटर पाणी नुसतं उडून जातं. याला दुष्काळाची तयारी म्हणता येत नाही. यानं शेजाऱ्याची विहीर लवकर आटते, एवढंच.

बोअरचंही तसंच. विहिरी आटल्या की बोअरच्या गाड्या गावात शिरतात. आपल्या राज्याचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. त्यात पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या थरात आणि खडकाच्या फटींत. खाली अखंड पाषाण लागला की कितीही खोल जा, धुरळाच निघतो. दुष्काळाच्या वर्षी बोअर घेऊ नका. त्या पैशात वर्षभराचा चारा येतो.

कोरडवाहू रब्बीचा निर्णय सप्टेंबरात. कोरडवाहू ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात पेरायची, आणि वाण जमिनीच्या खोलीवर निवडायचं. हलक्या जमिनीत फुले अनुराधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा किंवा आपली मालदांडी, भारी जमिनीत फुले वसुधा. सरसकट सगळीकडे मालदांडी पेरण्याची सवय मोडा. पेरणीआधी ऑगस्टातच रानात लहान लहान वाफे पाडून ठेवले तर परतीचा पाऊस जागच्या जागी मुरतो. आणि कोळपण्या तीन. तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्यानं, आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्यानं, म्हणजे भेगा बुजतात. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात १९३३ पासून याच गोष्टींवर काम चाललंय. या शिफारशी कुणाच्या मनात आल्या म्हणून केलेल्या नाहीत.

फळबागवाल्यांना एकच सांगतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा लोकांनी टँकरनं पाणी घालून जगवल्या, आणि तरी पुष्कळ बागा तोडाव्या लागल्या. ऑक्टोबरात विहिरीच्या दोरानं वाईट खबर दिली तर त्या वर्षी आंबिया बहार धरू नका. फळं काढून टाका, हलकी छाटणी करा, आळ्यात जाड आच्छादन घाला, खोडाला बोर्डो पेस्ट लावा. उद्दिष्ट झाड वाचवण्याचं ठेवा. मोसंबी एक वर्ष न मिळाली तर कर्ज वाढतं, झाड गेलं तर पुन्हा फळ दिसायला पाच-सहा वर्षं जातात.

गावानं मिळून करायचं काम एकच, पण ते कठीण आहे. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हे वर्षानुवर्षं करून दाखवलं. पाऊस किती पडला, मुरला किती, आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग उरेल त्यावर रब्बीत काय घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही आणि उसाला पाणी नाही, हे नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतले. अटल भूजल योजनेतल्या गावांतही असे ताळेबंद झाले. कागद छान रंगतात, पण उसाचा विषय निघाला की सभा उठते. बहात्तर सालच्या दुष्काळात लोकांनी मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्ली, धान्य नव्हतं, पण पुष्कळ गावांत विहिरीच्या तळाशी प्यायला पाणी होतं. २०१६ साली रेशनवर धान्य होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. या दोन दुष्काळांच्या मधे आपण जमिनीखालचं पाणी कुठं घालवलं, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला कुणीतरी उभं राहिलं पाहिजे.

कागदपत्रांचं थोडक्यात. ई-पीक पाहणी आपल्या हातानं, मुदतीत करा. सातबाऱ्यावर पीकच लागलेलं नसेल तर मदतीच्या वेळी तुमचं नुकसान सिद्ध करायला काही उरत नाही. पीकविम्याचा हप्ता खरिपात विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीत दीड टक्का, नगदी पिकांना पाच टक्के. नियम बदलत असतात, तेव्हा त्या-त्या हंगामाची अधिसूचना विचारून घ्या. आणि एक समजून ठेवा, दुष्काळात भरपाई ठरते ती मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर, एकट्या तुमच्या शेतावर नाही. तेव्हा गावात कापणी प्रयोग असेल त्या दिवशी तिथं हजर राहा. तो सगळ्यांसमोर व्हावा, हा तुमचा हक्क आहे.

शेवटी गोठा. एका मोठ्या जनावराला दिवसाला सहा किलो वाळला चारा धरला तर दोन बैल आणि एक गाय यांना ऑक्टोबर ते मे साधारण ४.४ टन लागतो. हा हिशेब दसऱ्याला करा. कमी पडणार असेल तर कडबा तेव्हाच घ्या, मार्चमध्ये भाव हाताबाहेर जातात आणि दावणीची जनावरं बाजारात मातीमोलानं जातात. थोडं पाणी असेल तर चाऱ्याचा मका पेरून चिकात असताना कुट्टी करून मूरघास भरा. प्लास्टिकच्या पिशवीतही होतो. फक्त दाबून हवा काढली पाहिजे.

आणि एक धोक्याची सूचना, कारण दुष्काळी वर्षात याचे प्रकार हमखास घडतात. पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी, किंवा कापणीनंतर सरीवर सरी पडून फुटलेले कोवळे फुटवे, यांत विषारी द्रव्य साठतं. उपाशी जनावर त्यात शिरलं की थोड्याच वेळात धापा टाकतं, थरथरतं, तोंडाला फेस येतो आणि कोसळतं. याला आपण किराळ लागणं म्हणतो. फुलोऱ्याच्या आतली खुरटी ज्वारी हिरवी कधी घालू नका. कापून उन्हात चांगली वाळवली की विष उतरतं, मग दुसऱ्या चाऱ्यात मिसळून घाला. जनावर चुकून शिरलंच तर लगेच बाहेर काढा आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना फोन करताना 'ज्वारी खाल्लीय' हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे ते योग्य इंजेक्शन बरोबर घेऊन निघतील. त्यांचा नंबर आजच गोठ्याच्या खांबावर खडूनं लिहून ठेवा.